घर परके, जमीन मोक्याची: डब्लिनच्या जुन्या वास्तूंची कथा

इब्न अल-बव्वाब हा बगदादचा नामवंत कातिब. हिजरी ३९१, म्हणजे इसवी सन १०००-०१ मध्ये त्याने लिहिलेली कुरआनची एक प्रत आजही सुरक्षित आहे. ती नेमकी कुठे आहे, हे शोधताना मी बगदाद, काहिरा, इस्तंबूल अशी नावे मनात धरून होतो. उत्तर मिळाले ते आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या किल्ल्यात. चेस्टर बीटी या अमेरिकेत जन्मलेल्या खाणमालकाने आयुष्यभर पौर्वात्य हस्तलिखिते जमवली आणि १९६८ साली मरताना तो सारा संग्रह आयरिश जनतेच्या हवाली केला. २००० सालापासून तो किल्ल्याच्या आवारातील जुन्या क्लॉक टॉवर इमारतीत आहे.

या किल्ल्यातूनच इंग्रजांनी सुमारे सातशे वर्षे आयर्लंडचा कारभार हाकला. १६ जानेवारी १९२२ रोजी मायकेल कॉलिन्सने त्याचा ताबा घेतला. गुलामीची एवढी मोठी खूण पाडून टाकावी, असे कुणाला वाटले नसेल काय? वाटले असणारच. तरीही किल्ला उभा राहिला. मात्र त्याच शहरातली शेकडो जुनी घरे पुढच्या साठ वर्षांत जमीनदोस्त झाली. काय राहिले आणि काय गेले, हे कसे ठरले, याचा माग काढावासा वाटला. "ही वास्तू आपली नव्हे, परक्यांची आहे," हे वाक्य ज्यांच्या कानावर वारंवार पडत असते, अशा वाचकांना डब्लिनचा अनुभव विशेष उपयोगी पडेल असे मला वाटते.

उमरावांचे शहर, गरिबांच्या खोल्या

डब्लिनचे आजचे रूप मुख्यतः अठराव्या शतकातले. त्या काळी ब्रिटनच्या गादीवर एकामागून एक जॉर्ज नावाचे राजे होते, म्हणून या बांधकामाला जॉर्जियन म्हणतात. १७५७ मध्ये रस्ते रुंद करण्यासाठी खास आयोग नेमला गेला. सरळ रस्ते, मधोमध बागा असलेले चौक आणि त्याभोवती विटांच्या तीन-चार मजली घरांच्या रांगा, असे शहर उभे राहिले. बाहेरून ही घरे साधी दिसतात. खरे वैभव आत असते. छतावर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेले पक्षी, फुले, वेली पाहायला मिळतात. मालक बहुतांशी प्रोटेस्टंट उमराव होते. बहुसंख्य कॅथलिक प्रजेला त्या काळच्या कायद्यांनी संसद, सरकारी पदे आणि जमीनजुमला यांपासून दूर ठेवले होते. त्यामुळे या घरांबद्दल आयरिश माणसाच्या मनात कडवटपणा असणे स्वाभाविकच होते.

१८०१ मध्ये आयर्लंडची वेगळी संसद संपली आणि कारभार लंडनला गेला. त्यामागोमाग उमरावही गेले. रिकाम्या हवेल्यांत हळूहळू खोल्या पाडून भाडेकरू भरले गेले. हेन्रिएटा स्ट्रीटवरचे १४ क्रमांकाचे घर याचे उत्तम उदाहरण आहे. ल्यूक गार्डिनरने १७४० च्या दशकाच्या अखेरीस ते एका श्रीमंत कुटुंबाच्या राहण्यासाठी बांधले. १८७७ नंतर त्याचे अनेक बिऱ्हाडांत तुकडे झाले. १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात १०० माणसे राहत होती. म्हणजे उमराव तिथे जेमतेम दोन-तीन पिढ्या राहिले, आणि मजूर, शिंपी, धोबिणी, शिपाई यांची कुटुंबे त्यानंतर शंभर वर्षे. ते घर मग कोणाचे म्हणायचे?

या खोल्यांतले जगणे सुखाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवर अशी दोन घरे कोसळून सात जण दगावले. जून १९६३ मध्ये बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीट इथे पुन्हा घरे पडली आणि चार माणसे मेली. त्यांत दोन लहान मुली होत्या. या दुर्घटनांनंतर महापालिकेने धोकादायक घरांवर झपाट्याने कारवाई सुरू केली. लोकांचे जीव वाचवायचे होते, हे खरेच. पण जी घरे दुरुस्त होऊ शकत होती, तीही त्या लाटेत गेली. धोकादायक घर म्हणजे पाडायचे घर, असे समीकरण एकदा रुजले की दुरुस्तीचा विचार मागे पडतो. मोडकळीला आलेले घर मग मालकालाही सोयीचे वाटू लागते.

स्वतंत्र देशाने काय केले

स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि त्यानंतरच्या यादवीच्या काळात, १९२० ते १९२३ दरम्यान, देशभरातील जमीनदारांचे दोनशेहून अधिक वाडे जाळले गेले. डब्लिनमध्ये जेम्स गँडन या वास्तुरचनाकाराने बांधलेले कस्टम हाउस मे १९२१ मध्ये क्रांतिकारकांनी पेटवले. जून १९२२ मध्ये त्याचेच फोर कोर्ट्स, म्हणजे न्यायालयाची इमारत, यादवीत उद्ध्वस्त झाली. शेजारच्या दफ्तरखान्यात शतकानुशतकांची कागदपत्रे होती. ती जळाली आणि एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या काही जनगणनांच्या मूळ याद्या जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे शोधणारा आयरिश माणूस आजही त्या आगीपाशी येऊन अडतो.

नव्या, गरीब आयरिश सरकारने या दोन्ही इमारती पुन्हा उभ्या केल्या. कस्टम हाउसचा घुमट मूळ इंग्लिश पांढऱ्या दगडाऐवजी आयरिश चुनखडीच्या दगडात बांधला. तो खालच्या भागापेक्षा गडद दिसतो, म्हणून दुरुस्ती कुठली हे आजही ओळखू येते. साम्राज्याची इमारत स्वतंत्र देशाने आपल्या दगडाने पूर्ण केली. ज्यांच्या मनात इंग्रजी सत्तेबद्दल ताजा राग होता, त्या पिढीने हे केले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

खरी पडझड पुढच्या पिढीत, पैसा येऊ लागल्यावर झाली. १९५७ मध्ये किल्डेअर प्लेस इथली दोन चांगल्या स्थितीतली जॉर्जियन घरे सरकारनेच पाडली. त्या संतापातून १९५८ साली डेस्मंड गिनिस आणि मरिगा गिनिस या दाम्पत्याने आयरिश जॉर्जियन सोसायटी स्थापन केली. १९६५ मध्ये सरकारी मालकीच्या वीज मंडळाने लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची सलग १६ घरे पाडली. जवळपास एक किलोमीटर अखंड चाललेली जॉर्जियन घरांची रांग मधोमध तुटली. तिथे सॅम स्टीफन्सन आणि आर्थर गिबनी यांनी आराखडा केलेले कार्यालय आले. पुढे वीज मंडळाने तेही पाडून नवे कार्यालय बांधले. मूळ घरे पावणेदोनशे वर्षे टिकली होती, त्यांच्या जागी आलेली इमारत जेमतेम अर्धशतक.

डिसेंबर १९६९ मध्ये ह्यूम स्ट्रीटवरच्या घरांची पाळी आली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या एका घरात शिरून ठाण मांडले आणि सहा महिने ते घर सोडले नाही. त्या वेळचे स्थानिक प्रशासन मंत्री केविन बोलँड यांनी संसदेत जतनवाद्यांची टर उडवली. हे सारे उमराव, त्यांच्या बायका आणि डाव्या विचारांचे पंडित यांचे कडबोळे आहे, असा त्यांचा रोख होता. जून १९७० मध्ये भाडोत्री माणसे पहाटे घुसली आणि विद्यार्थ्यांना मारझोड करून बाहेर काढले. गदारोळ झाल्यावर तोडगा निघाला: आत नवी कार्यालये, बाहेर जुन्या घरांसारखा दर्शनी भाग. म्हणजे चेहरा राहिला आणि घर गेले.

आक्षेप परकेपणाचा, की आणखी कशाचा?

बोलँड यांचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. ज्यांनी आपल्याला लुटले त्यांच्या हवेल्या सांभाळण्यासाठी आपण पैसे का मोजायचे? पण मग काही गोष्टींचा उलगडा होत नाही.

युइनशन मॅकओइन हा कट्टर प्रजासत्ताकवादी होता. त्या राजकारणापायी १९४० च्या दशकात त्याला स्थानबद्ध करून ठेवले होते. इंग्रजी सत्तेचा त्याच्याइतका द्वेष करणारी माणसे थोडीच असतील. पेशाने तो आर्किटेक्ट होता आणि त्यानेच हेन्रिएटा स्ट्रीटवरची पडायला आलेली जॉर्जियन घरे विकत घेऊन वाचवली. या घरांच्या विटा आयरिश हातांनी रचल्या, गिलावा आयरिश कारागिरांनी केला. रॉबर्ट वेस्ट, मायकेल स्टेपल्टन हे छत सजवणारे उस्ताद डब्लिनचेच. मालकाचे नाव दाराच्या पितळी पाटीवर असते, कारागिराचे हात छतावर असतात. पाटी बदलते, छत राहते.

दुसरी गोष्ट वुड की या जागेची. लिफी नदीच्या काठी महापालिकेला आपली मोठी कार्यालये बांधायची होती. पाया खणताना नवव्या-दहाव्या शतकानंतरचे व्हायकिंग डब्लिन जसेच्या तसे सापडले. चिखलामुळे कुडाच्या भिंती, लाकडी वाटा, चामड्याची पादत्राणे, कंगवे, तराजूची वजने टिकून राहिली होती. हे शहर मुळात ८४१ मध्ये नॉर्स चाच्यांनी वसवले. त्यांनीच आयर्लंडचे मठ लुटले होते. तरीही या मूर्तिपूजक लुटारूंच्या वस्तीसाठी न्यायालयात कोण उभे राहिले? फादर एफ. एक्स. मार्टिन हा ऑगस्टिनियन पंथाचा ख्रिस्ती धर्मगुरू आणि इतिहासाचा प्राध्यापक! मठ लुटणाऱ्यांच्या घरांसाठी मठातलाच माणूस लढला, कारण त्याच्या लेखी तो आयर्लंडचाच इतिहास होता.

जून १९७८ मध्ये न्यायमूर्ती लिअम हॅमिल्टन यांनी वुड की हे राष्ट्रीय स्मारक असल्याचा निवाडा दिला. सप्टेंबरमध्ये सुमारे वीस हजार माणसांनी मोर्चा काढला. पुढच्या जूनमध्ये लेखक, कवी, नगरसेवक यांनी जागेचा ताबा घेतला. तरीही कार्यालये झालीच. कशी? १९३० च्या स्मारक कायद्यात अशी तरतूद होती की, सार्वजनिक बांधकाम आयुक्त आणि स्थानिक संस्था यांनी मिळून संमती दिली तर राष्ट्रीय स्मारकही काढता येते. इथे स्थानिक संस्था म्हणजे महापालिका, आणि बांधकाम करणारीही महापालिकाच. राखणदारानेच स्वतःला परवानगी दिली. उत्खननाला थोडी मुदत मिळाली, वस्तू संग्रहालयात गेल्या आणि शहराच्या उगमावर काँक्रीट चढले.

तिसरे उदाहरण शहराबाहेरचे, डब्लिन काउंटीतले. ब्लॅकरॉक इथले फ्रॅस्काटी हाउस हे लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड याचे घर. तो जन्माने उमराव, पण १७९८ च्या बंडाचा नेता होता आणि इंग्रजांच्या कैदेत जखमांनी मेला. असे घर तर राष्ट्राचे तीर्थस्थान व्हायला हवे. कित्येक वर्षे नागरिकांनी लढा दिला. १९८३ मध्ये ते पाडले गेले आणि तिथे शॉपिंग सेंटर आले. त्याला नाव मात्र फ्रॅस्काटीचेच दिले.

चौथे उदाहरण याहून बोलके. १९१६ च्या उठावात पोस्ट ऑफिस पेटल्यावर क्रांतिकारक भिंती फोडत मूर स्ट्रीटवरच्या दुकानांतून पुढे सरकले. १६ क्रमांकाच्या घरात नेत्यांची शेवटची बैठक झाली आणि शरणागतीचा निर्णय झाला. स्वतंत्र आयर्लंडची याहून जवळची वास्तू कोणती? तरी ही घरे दशकानुदशके कुजत पडली, कारण ती शहरातल्या महागड्या बाजारपेठेत उभी होती. १४ ते १७ ही चार घरे २००७ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरली आणि २०१५ मध्ये सरकारने विकत घेतली. आजूबाजूच्या घरांवरून न्यायालयीन वाद चालूच राहिला. याच मूर स्ट्रीटवर गोळीबाराला सामोरा जाताना पडलेला वीर म्हणजे ओ'राहिली. त्याचे हर्बर्ट पार्कवरचे घर सप्टेंबर २०२० मध्ये पाडले गेले. ते संरक्षित करण्याची प्रक्रिया सुरू करावी, असे नगरसेवकांनी ठरवले होते. ती पूर्ण होण्याआधीच घरावर यंत्र चालले.

आता ही नावे एका ओळीत ठेवून पाहा. इंग्रजधार्जिण्या उमरावांची घरे, व्हायकिंगांची वस्ती, बंडखोर उमरावाचे घर, क्रांतिकारकांची दुकाने आणि हुतात्म्याचे निवासस्थान. यांचा इतिहास एकमेकांच्या विरुद्ध आहे. कुणी राज्यकर्ता, कुणी लुटारू, कुणी बंडखोर. सगळ्यांत समान गोष्ट एकच: त्यांच्याखालची जमीन मोक्याची होती. परकेपणाचा आक्षेप जेव्हा उपयोगी होता तेव्हा वापरला गेला. जिथे तो लागू पडत नव्हता तिथे धोकादायक बांधकाम, विकास, कार्यालयांची गरज अशी दुसरी कारणे मिळाली. म्हणून "ही वास्तू परक्यांची" असे कुणी सांगू लागले की मी आधी तिथला जमिनीचा भाव काय आहे, हे विचारतो.

कायदा काय म्हणतो

आयर्लंडमध्ये १९६३ च्या नियोजन कायद्याने जतनाच्या याद्या करायची मुभा दिली होती, पण त्यांना दात नव्हते. वास्तुवारशाबाबतचा १९८५ चा युरोपीय करार आयर्लंडने १९९७ मध्ये मंजूर केला आणि त्यानंतर कायदा बदलला. १९९९ च्या कायद्याने, आणि त्याला सामावून घेणाऱ्या २००० च्या नियोजन व विकास कायद्याने, प्रत्येक स्थानिक संस्थेला संरक्षित वास्तूंची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. डब्लिन काउंटीचे १९९४ मध्ये फिंगल, साउथ डब्लिन आणि डन लीअरी-रॅथडाउन असे तीन भाग झाले. त्या तिघांची आणि शहराची अशा चार नोंदवह्या आहेत. एकट्या शहराच्या नोंदवहीत आठ हजारांहून अधिक वास्तू आहेत.

या कायद्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, वास्तू का जपायची याची आठ कारणे त्यात दिली आहेत: वास्तुकला, इतिहास, पुरातत्त्व, कला, संस्कृती, विज्ञान, तंत्र आणि समाज. त्यामुळे राजवाड्याच्या बरोबरीने मजुरांच्या घरांची रांग, गिरणी किंवा पंपघरही नोंदवहीत येऊ शकते. दुसरी, संरक्षण दर्शनी भिंतीपुरते नसते. आतला जिना, छत, आवार, आवारातल्या इतर वास्तू, सगळे त्यात येते. ह्यूम स्ट्रीटसारखा मुखवट्याचा तोडगा आता सहज निघत नाही. तिसरी, घर पडू देणे हाही गुन्हा आहे. मालकाने आणि राहणाऱ्यानेही वास्तू धोक्यात येऊ देता कामा नये. तशी आली तर प्रशासन दुरुस्तीची नोटीस काढते, ऐकले नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च वसूल करते आणि शेवटी वास्तू सक्तीने ताब्यातही घेऊ शकते. हेन्रिएटा स्ट्रीटचे १४ क्रमांकाचे घर महापालिकेने ताब्यात घेऊन अनेक वर्षे दुरुस्त केले. सप्टेंबर २०१८ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडले. तिथे उमरावाचा दिवाणखाना आणि मजुराची खोली दोन्ही दाखवतात.

कायदा मालकावर ओझे टाकतो, ही तक्रार मात्र खोटी नाही. चुन्याचा गिलावा, स्लेटचे छप्पर, लाकडी खिडक्या यांची दुरुस्ती महाग पडते आणि सरकारी अनुदान पुरत नाही. ज्यांना घर जपायचे आहे पण ऐपत नाही, त्यांच्यासाठी वाट हवी. काउंटीतल्या डोनाबेट इथल्या न्यूब्रिज हाउसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात काउंटी कौन्सिलने ते कोब कुटुंबाकडून घेतले. कुटुंबाने पिढीजात सामान घरातच राहू दिले आणि त्याबदल्यात त्यांचा तिथे राहण्याचा हक्क कायम राहिला. घर लोकांचे झाले आणि घरपणही टिकले.

प्रार्थनास्थळांबाबत या कायद्यात एक वेगळे कलम आहे. नियमित उपासना चालणारी वास्तू संरक्षित असेल, तर तिच्यात काय बदल चालतील हे ठरवताना प्रशासनाने उपासनेच्या गरजांचा मान राखला पाहिजे. जतन म्हणजे वास्तूला कुलूप लावणे नव्हे, हे इथे मान्य केले आहे. डब्लिनच्या साउथ सर्क्युलर रोडवर १८६० च्या दशकात बांधलेले प्रेस्बिटेरियन पंथाचे एक चर्च होते. तिथली मंडळी कमी होत गेली. १९८३ मध्ये डब्लिनच्या मुसलमानांनी ते विकत घेतले आणि आज ती डब्लिन मशीद आहे. बाहेरून ती अजून गॉथिक चर्चच दिसते. आत मात्र जमात उभी राहते. ज्यांनी ते बांधले त्यांची ओळख कुणी पुसली नाही आणि जे आज तिथे सजदा करतात त्यांचे काही अडले नाही.

एखादी वास्तू नोंदवहीत घालायची किंवा काढायची असेल, तर तिथे जाहीर नोटीस द्यावी लागते. कोणत्याही नागरिकाला ठरलेल्या मुदतीत लेखी म्हणणे मांडता येते आणि अखेरचा निर्णय निवडून आलेले नगरसेवक करतात. वुड कीच्या वेळी ज्यांना वीस हजारांचा मोर्चा काढूनही कुणी ऐकले नाही, त्यांच्या हाती पुढच्या पिढीत एवढा अधिकार आला. ओ'राहिलीचे घर सांगते की तोही अधिकार वेळेत वापरावा लागतो. यंत्र दाराशी आल्यावर कागद लिहायला बसून उपयोग नसतो.